मुलाखतीचा सदरा

कर्जत स्थानकावर पहाटेच्या गाडीला उभे राहिले, की नोकरीवर जाणारा कोण आणि नोकरी मागायला जाणारा कोण हे न विचारताही कळते. रोजचा नोकरदार निवांत असतो. कॉलरला घाम लागू नये म्हणून त्याने मानेभोवती रुमाल गुंडाळलेला असतो आणि गाडी सुटण्यापूर्वीच त्याचे डोळे मिटू लागतात. मुलाखतीला निघालेला तरुण मात्र बाकावर टेकत नाही. पँटची घडी मोडेल, सदरा चुरगळेल, या भीतीने तो दोन तास उभ्यानेच प्रवास करतो. त्याच्या हातातील प्लास्टिकच्या पिशवीत प्रमाणपत्रे असतात, आणि कित्येकदा पायांतील बूट भावाचे नाहीतर शेजाऱ्याचे असतात.

काही वर्षांपूर्वीची एक हकीकत आमच्या मनातून जात नाही. खालापूर तालुक्यातील एका खेड्यातला, आमच्या परिचयाचा एक विज्ञान पदवीधर मुलगा एका कारखान्यात प्रयोगशाळा साहाय्यकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेला. दिवस पावसाळ्याचे होते. एस.टी.तून उतरून चिखल तुडवीत तो फाटकाशी पोहोचला, तेव्हा अंगातला सदरा भिजलेला होता आणि पायांत रबरी चपला होत्या. रखवालदाराने त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि मुलाखतीचे पत्र न वाचताच कंत्राटी मजुरांच्या रांगेकडे बोट दाखविले. साहेबांचा तसा हुकूम असेल असे समजून मुलगा तासभर त्या रांगेत उभा राहिला. चूक कोणाच्या तरी ध्यानात आली, तोवर मुलाखती आटोपल्या होत्या.

ही गोष्ट आम्ही कोणालाही सांगितली, की ऐकणारा म्हणतो, ‘‘त्याने नीट कपडे करून जायला हवे होते.’’ ते खरेच आहे. पण तेवढेच खरे आहे काय? माणसाने कोणत्या फाटकातून आत जावे हे त्याच्या अंगावरचे कापड केव्हापासून ठरवू लागले? आणि ज्या खोऱ्याने मुंबईच्या कापडधंद्याला वीज दिली, पुढे धागाही दिला, त्याच खोऱ्यातील लेकराला धड सदरा नाही म्हणून परत का फिरावे लागावे? या प्रश्नांची उत्तरे शोधायची तर आपल्याला दीडशे वर्षे मागे जावे लागेल.

घाटातील मजूर

मुंबईहून निघालेली आगगाडी 1853 साली ठाण्याला, 1854 साली कल्याणला आणि 1856 साली खोपोलीला पोहोचली. पलीकडे खंडाळा ते पुणे हा मार्ग 1858 साली सुरू झाला. मध्ये उरला तो बोरघाट. पाच वर्षे उतारूंनी खोपोलीला गाडीतून उतरावे, पालखीने, तट्टावर किंवा पायी घाट चढावा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसावे, असा क्रम चालला. 1863 साली घाटातला लोहमार्ग पुरा झाला. मुख्य मार्ग कर्जतवरून वर गेला आणि खोपोली शाखेच्या टोकाला राहिली.

हा घाट फोडण्यासाठी किती हात लागले? 1861 च्या आरंभी, काम ऐन भरात असताना, तेथे 42,000 मजूर राबत होते अशी नोंद आहे. पटकीच्या साथीने आणि अपघातांनी कितीतरी जीव घेतले. या मजुरांची मुलाखत कोणी घेतली नाही. मुकादमाने दंड पाहिले, माणसे मोजली आणि कामाला लावली. त्यांचा पेहराव म्हणजे लंगोटी, डोक्याला फडके, फार तर अंगावर बंडी, आणि पावसात घोंगडी नाहीतर इरले. कामाला जाताना काय घालावे हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता, कारण जे अंगावर होते त्याहून दुसरे घरात नव्हते.

रूळ पडले, गाड्या धावू लागल्या आणि चित्र पालटले. आता नुसते दंड पुरेनात. स्टेशनमास्तर, गार्ड, सिग्नलवाला, तिकीट तपासनीस असे नवे हुद्दे आले आणि हुद्द्याबरोबर गणवेष आला. घाटपायथ्याच्या खेडुताने प्रथमच असे कापड पाहिले, की जे जातीवरून नव्हे तर कामावरून अंगावर येत होते. बटणे लावलेला कोट घालणारा माणूस कोणत्या आळीतला, हे कोटावरून कळत नव्हते. कळत होते ते एवढेच, की हा रेल्वेचा माणूस आहे. गणवेषाचा हा गुण त्या काळी लहान नव्हता.

कापड आणि जात

हा गुण लहान का नव्हता, हे समजण्यासाठी जुन्या गावगाड्याकडे पाहावे लागते. कोणी धोतर कुठवर नेसावे, लुगड्याचा काठ कसा असावा, कोणत्या धातूचा दागिना कोणाच्या अंगावर चालेल, याचे निर्बंध गावाने घातलेले होते. ‘खालचे’ मानलेल्या माणसाने स्वच्छ, पूर्ण वस्त्र नेसणे हाच अनेक ठिकाणी गुन्हा समजला जाई. म्हणजे आधी चांगले कपडे घालू द्यायचे नाहीत, आणि मग कपडे चांगले नाहीत म्हणून त्या माणसाला हलके लेखायचे, असा हा दुहेरी फास होता.

तो फास सोडविण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याच जिल्ह्यात झाला. 1927 साली महाड हे कुलाबा जिल्ह्यात होते. याच जिल्ह्याचे नाव 1981 साली रायगड झाले. त्या वर्षी 20 मार्चला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि डिसेंबर महिन्यात तेथेच दुसरी परिषद भरली. मनुस्मृतीचे दहन झाले ते याच परिषदेत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले, हे तितकेसे आठवले जात नाही. जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तशीच खूण सांगणारे जाडजूड दागिने टाकून द्या, वस्त्र स्वच्छ ठेवा, इतर स्त्रिया नेसतात तसे पूर्ण लुगडे नेसा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. स्त्रियांनी तो उपदेश लगोलग आचरणात आणला.

त्यात श्रीमंतीचा दिखावा करण्याचा सल्ला नव्हता. कापड फाटके असले तरी ते स्वच्छ असावे आणि ते नेसणाऱ्याने मान खाली घालू नये, एवढेच सांगणे होते. बाबासाहेब स्वतः आयुष्यभर सूट आणि टाय वापरीत. त्याकडे केवळ विलायती आवड म्हणून पाहणारे चुकतात. ज्या माणसाला गावगाड्याने पूर्ण धोतर नाकारले असते, तो संपूर्ण पोशाखात न्यायालयात आणि विधिमंडळात उभा राहत होता. त्या उभे राहण्यालाही अर्थ होता.

आपल्या ख्रिस्ती समाजाचा इतिहासही याहून अगदी वेगळा नाही. मुंबई, साष्टी, वसई या भागांतील मूळ कॅथलिक रहिवाशांनी 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. त्यामागे नोकरीचा प्रश्न होता. गोवा आणि मंगळूरहून आलेल्या धर्मबांधवांशी सरकारी आणि रेल्वेच्या जागांसाठी चुरस होती, आणि आपण इंग्रजांचे येथील आद्य प्रजाजन आहोत हे ठसवायचे होते. नाव बदलले तसा पेहरावही बदलत गेला. शेतावर गुडघ्याएवढे वस्त्र नेसणाऱ्याचा मुलगा कोट-पाटलोण घालून कचेरीत कारकून झाला. लुगडे नेसणाऱ्या आजीची नात फ्रॉक घालून टंकलेखिका नाहीतर परिचारिका झाली. घरात आजीचे लुगडे आणि दारातून बाहेर पडणारा नातीचा फ्रॉक, ही दोन्ही एकाच दोरीवर वाळत असत. कोणाला त्यात प्रगती दिसली, कोणाला परकेपणा दिसला. आम्हाला दोन्हींत थोडे थोडे तथ्य दिसते.

वीज, सूत आणि पॉलिएस्टर

आता पुन्हा आपल्या खोऱ्यात येऊ. लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून टाटा कंपनीने पावसाचे पाणी अडविले, ते नळांतून घाटाखाली सोडले आणि 1915 साली खोपोलीला वीजगृह सुरू झाले. ही वीज मुंबईस गेली आणि मुख्यतः कापडगिरण्यांच्या कामी आली. परळ-लालबागचे माग खोपोलीच्या पाण्यावर फिरू लागले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. त्या मागांवर विणलेली धोतरे, लुगडी, लट्ठा आणि मांजरपाट महाराष्ट्रभर गेले. आमच्या खोऱ्यातील कातकरी आणि ठाकूर बांधवांच्या अंगावर मात्र लंगोटीच राहिली.

वीजगृहाबाहेर पडणारे पाणी पाताळगंगेत जाते आणि त्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही वाहते. स्वातंत्र्यानंतर या पाण्याच्या आणि रेल्वेच्या आधाराने कारखाने आले. 1960 साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व रसायनीला तिचा कारखाना उभा राहिला. खोपोलीला पोलादाचे आणि नळांचे कारखाने निघाले. याच सुमारास, 1959 साली, रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविण्याचा कायदा संसदेने केला होता. मुकादमाच्या खुणेवर मिळणारे काम आता नावनोंदणी, पत्र आणि मुलाखत या वाटेने मिळू लागले. खेड्यापाड्यांत ‘कॉल आला’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो याच दिवसांत.

आणि कॉल आला, की घरात धांदल उडे. एकच पांढरा सदरा असे, तो रात्री धुवायचा, त्याला नीळ द्यायची आणि चुलीवरच्या वलाणीवर वाळवायचा. इस्त्री नसेल तर तांब्यात निखारे भरून तो सदऱ्यावरून फिरवायचा. पँट नीट घडी करून रात्रभर गादीखाली ठेवायची. बूट मागून आणायचे आणि ते मोठे झाले तर पुढे कागदाचे बोळे कोंबायचे. आज पन्नाशी ओलांडलेल्या कित्येक वाचकांना हे वाचताना स्वतःचे घर आठवेल. मुलाखत एकाची असे, पण तयारीला सारी आळी लागत असे.

प्रत्यक्ष कारखान्यात गेल्यावर मात्र पांढऱ्या सदऱ्याचा उपयोग संपे. तेथे बॉयलर सूट, जाड तळव्याचे बूट, डोक्याला शिरस्त्राण. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 22 व्या कलमात एक तरतूद होती. चालू यंत्राजवळ तपासणीचे किंवा तेल घालण्याचे काम विशेष शिक्षण घेतलेल्या प्रौढ कामगारानेच करावे, त्याच्या अंगात घट्ट बसणारे कपडे असावेत, आणि हे कपडे मालकाने पुरवावेत. सैल धोतराचा सोगा किंवा बाहीचे टोक पट्ट्यात अडकले, की माणूस यंत्रात ओढला जातो, या कटू अनुभवातून अशी कलमे जन्माला येतात. ‘योग्य पेहराव’ या शब्दांची इतकी स्पष्ट व्याख्या आम्हाला अन्यत्र आढळली नाही. जो कपडा त्या कामात माणसाला सुरक्षित ठेवतो, तो योग्य. आणि त्याचा खर्च सर्वस्वी गरिबाच्या माथी मारू नये, हे तत्त्वही कायद्याने त्यातच सांगून ठेवले होते.

पुढे 1982 साल उजाडले. 18 जानेवारीला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. कित्येक गिरण्या त्यानंतर पूर्वीसारख्या कधी चालल्याच नाहीत. त्याच वर्षी पाताळगंगेच्या काठी रिलायन्सच्या कारखान्यात पॉलिएस्टरचा धागा निघू लागला. सुती कापडाचे माग थंडावत असताना कृत्रिम धाग्याची चाती आमच्या तालुक्यात फिरू लागली. या दोन घटना एकाच वर्षात घडल्या हा योगायोग असेल, पण त्यांनी एका युगाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ झाला.

पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाने गरिबाच्या मुलाखतीवर उपकार केले हे कबूल केले पाहिजे. ते रात्री धुतले की सकाळी वाळते, त्याला इस्त्रीची फारशी गरज लागत नाही, घडी मोडत नाही, आणि एक सदरा वर्षानुवर्षे टिकतो. उन्हाळ्यात ते अंगाला चिकटते हा त्याचा दोष. पण निखाऱ्यांचा तांब्या त्याने माळ्यावर टाकला, हे खरे.

नियम आणि नजर

कामाच्या ठिकाणी काय घालावे याविषयी अलीकडे शासनानेही नियम केले आहेत. 2020 च्या 8 डिसेंबरला महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढले. मंत्रालयात आणि इतर शासकीय कार्यालयांत जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर वापरू नयेत, शुक्रवारी खादी वापरावी, असे त्यात म्हटले होते. त्यातील तपशिलावर बरीच चर्चाही झाली. 2024 च्या मार्च महिन्यात शाळांतील शिक्षकांसाठीही अशाच सूचना निघाल्या. स्त्रियांनी साडी किंवा सलवार-कमीज आणि पुरुषांनी साधा सदरा खोचून पँट घालावी, असे त्यांचे स्वरूप होते. अशा नियमांविषयी मतभेद असणारच. आमचे मत एवढेच, की शिक्षकाकडे पाहून मुले नीटनेटकेपणा शिकतात हे खरे असले, तरी फळ्यावरचे अक्षर आणि वर्गातला जिव्हाळा यांची जागा खोचलेला सदरा घेऊ शकत नाही.

मग आमच्या तरुणांनी काय करावे? इतिहासातून जे हाती लागते ते थोडक्यात असे. महागड्या कपड्यांची गरज नाही, स्वच्छतेची आहे. कपडे अंगाला बेताचे बसणारे, साध्या रंगाचे, इस्त्री केलेले असावेत. बूट जुने असले तरी पुसलेले असावेत. नखे आणि केस नीट असावेत. कारखान्यातील जागा असेल तर सैल बाह्या, लोंबती ओढणी, गळ्यातील साखळी टाळावी, कारण मुलाखतीनंतर तुम्हाला यंत्रांमधून फिरविण्याची शक्यता असते. पावसाळ्यात घरूनच मुलाखतीचा सदरा घालून निघू नये. तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून न्यावा आणि स्थानकावर किंवा ओळखीच्या घरी बदलावा. पडद्यावरून मुलाखत द्यावयाची असली तरीही पूर्ण पोशाख करूनच बसावे, कारण पोशाखाने आपल्या बसण्यात आणि बोलण्यात फरक पडतो. आणि अंगावरचे कापड नवे असो की मागून आणलेले, मान ताठ ठेवावी. महाडच्या त्या स्त्रियांनी आपल्याला तेवढे शिकवून ठेवले आहे.

पण उपदेश केवळ मागणाऱ्यालाच का करावा? देणाऱ्यालाही चार शब्द सांगायला हवेत. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे आज खुर्चीच्या पलीकडच्या बाजूस बसलेली आहेत. कोणी व्यवस्थापक आहे, कोणी मुख्याध्यापिका, कोणी स्वतःच्या लहानशा कारखान्याचा मालक. नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक प्रसंग आहे. सभेत एक माणूस सोन्याची अंगठी आणि उंची वस्त्रे लेवून येतो, दुसरा मळक्या कपड्यांत येतो. पहिल्याला मानाची जागा मिळते आणि दुसऱ्याला उभे राहावे लागते. असा भेद करणाऱ्यांना याकोब खडे बोल सुनावतो. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते सभागृह आणि आमच्या त्या कारखान्याचे फाटक यांत काय अंतर आहे? रखवालदाराने पत्र वाचले असते, तर त्याच्या धन्याला एक चांगला साहाय्यक मिळाला असता.

म्हणून आमची एक सूचना आहे. प्रत्येक धर्मग्रामात एक कपाट असावे. त्यात चांगल्या स्थितीतील पँटी, सदरे, साड्या, सलवार-कमीज आणि निरनिराळ्या मापांचे बूट ठेवावेत. ज्याला मुलाखतीला जायचे असेल त्याने ते न्यावेत, मग तो कोणत्याही धर्माचा, वाडीतला असो की पाड्यावरचा. काम झाले की धुऊन परत आणावेत. हे दान नव्हे. पूर्वी आळीतील माणसे हेच करीत होती. बूट एकाचे, सदरा दुसऱ्याचा, इस्त्री तिसऱ्याची, आणि नोकरी लागली की पेढे सगळ्यांना. आळी विस्कटली, तेव्हा ते काम आता धर्मग्रामाने अंगावर घ्यावे, एवढेच.

त्या विज्ञान पदवीधर मुलाला पुढे दुसरीकडे काम मिळाले. आपल्या खात्यात नव्या माणसांच्या मुलाखती असल्या, की तो आदल्या दिवशी रखवालदाराकडे उमेदवारांच्या नावांची यादी देऊन ठेवतो, आणि आधी नाव विचारा, मग पायांकडे बघा, असे सांगून येतो. पावसाळ्यात फाटकाशी पाय पुसायला एक गोणपाटही टाकायला लावतो. इतिहासाने आपल्याला काय शिकविले असे कोणी विचारले, तर आम्ही त्या गोणपाटाकडे बोट दाखवू.